बिघाड आणि अपराध

एखादी गोष्ट अपेक्षेप्रमाणे घडली नाही म्हणजे माणसाच्या तोंडून दोन प्रश्न निघतात. पहिला, ‘हे असे का झाले?’ आणि दुसरा, ‘हे कोणी केले?’ हे प्रश्न मुळात भिन्न आहेत. पण व्यवहारात ते एकमेकांत इतके मिसळून जातात की पहिल्याचे उत्तर म्हणून आपण दुसऱ्याचेच उत्तर देऊन मोकळे होतो. घरात दूध नासले की सुनेकडे पाहिले जाते, शाळेचा निकाल घसरला की शिक्षकाकडे, आणि संस्थेचा जमाखर्च जुळेनासा झाला की कारकुनाकडे. या पाहण्यात कधी कधी तथ्यही असते. परंतु दूध नासण्याचे कारण भांड्यात असू शकते, हवेत असू शकते, गवळ्याच्या चरवीतही असू शकते. ते शोधण्याचे कष्ट घेण्यापेक्षा समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखविणे पुष्कळ सोपे जाते. वकिलीच्या व्यवसायात वीस वर्षे घालविल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, जगातील अन्यायाला दुष्टपणा जितका कारणीभूत होतो, त्याहून या दोन प्रश्नांचा क्रम चुकणे अधिक कारणीभूत होते.

या क्रमाचा विचार करण्यास न्यायालय ही फारशी सोयीची जागा नाही. तेथे येणारा प्रत्येक जण आधीच कोणाची तरी बाजू घेऊन आलेला असतो. मला त्याहून सोयीची जागा आढळली ती आमच्या ग्वाल्हेरच्या ट्रान्सपोर्ट नगरात, सुरू न होणाऱ्या मालमोटारीपाशी.

ग्वाल्हेर म्हटले की मराठी आणि कोंकणी वाचकाला शिंद्यांचे घराणे आणि ख्यालगायकी आठवते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी येथे स्थिरावली आणि त्या छावणीचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे नगर झाले. त्या लष्करातील मराठी घरे अद्याप आपली भाषा बाळगून आहेत. पण या शहराची आणखी एक ओळख आहे व ती रस्त्याची. आग्र्याहून मुंबईस जाणारा जुना हमरस्ता येथूनच जातो. मुरैन्याकडील मोहरीचे तेल या वाटेने दक्षिणेस उतरते आणि नाशिककडचा कांदा व द्राक्षे याच वाटेने उत्तरेस चढतात. उन्हाळ्यात अंगाची लाही करणाऱ्या या मुलखात पौष-माघातील काही पहाटे पारा दोन-तीन अंशांपर्यंत खाली येतो. अशा पहाटे माणसांप्रमाणेच मालमोटारीही उठण्यास कुरकुर करतात.

डिझेलची गाडी सुरू होते कशी, हे दोन शब्दांत सांगितले पाहिजे. त्यावाचून पुढील विवेचन ध्यानात येणार नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनात ती नसते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९३ साली ज्या इंजिनाचे पेटंट मिळविले आणि १८९७ साली आउग्सबर्ग येथे जे यशस्वीपणे चालवून दाखविले, त्याचे मर्म असे की, हवा पुरेशी दाबली तर ती आपोआप इतकी तापते की तीत तेलाचा फवारा सोडताच तो पेट घेतो. मालमोटारीच्या इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते आणि तिचे तपमान पाचशे अंशांच्या वर जाते. म्हणजे इंजिन सुरू होण्यास चार गोष्टी जुळून याव्या लागतात. सेल्फने ते पुरेशा वेगाने फिरविले पाहिजे. हवा आत येऊन नीट दाबली गेली पाहिजे. तेल पोहोचले पाहिजे. आणि ते योग्य क्षणी, बारीक तुषार होऊन पोहोचले पाहिजे. यांपैकी एक चुकली की बाकीच्या तीन निर्दोष असूनही इंजिन मुके राहते. बाहेरून पाहणाऱ्याला चारही प्रसंगी दिसते ते एकच : गाडी सुरू होत नाही. कार्य एक आणि संभाव्य कारणे अनेक, येथेच सारी अडचण आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारीतील एका सकाळी मी एका पक्षकाराच्या कामासाठी ट्रान्सपोर्ट नगरात गेलो असता अशीच एक गाडी पाहिली. गाडी जुन्या बनावटीची होती, तेलाच्या डब्यांनी भरलेली होती, आणि तिला नाशिकचा पल्ला गाठावयाचा होता. मिस्त्री येऊन पोहोचण्यापूर्वीच तेथे खटल्याचा निकाल लागून गेला होता. क्लीनरचे काम करणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा रात्री केबिनमधला दिवा चालू ठेवून झोपी गेला होता. बॅटरी उतरली, म्हणून गाडी अडली, असे ड्रायव्हरचे म्हणणे. दिवा जळत राहिल्याचे मुलानेही कबूल केले होते. परगावी असलेल्या मालकाने दूरध्वनीवरूनच आज्ञा सोडली की, आजचा खाडा आणि मिस्त्रीची मजुरी मुलाच्या पगारातून कापावी. आरोप होता, कबुली होती, शिक्षाही ठरली होती. तपास तेवढा व्हावयाचा राहिला होता.

मिस्त्री आला. “उस्ताद, बॅटरी बसली आहे, दुसरी जोडून द्या,” असे ड्रायव्हरने त्याला सांगताच तो एवढेच म्हणाला, “आधी किल्ली फिरवा.” किल्ली फिरविताच सेल्फ जोमाने फिरला. मिस्त्रीने क्षणभर कान दिला आणि म्हटले, “बॅटरी आपले काम करते आहे. तिला सोडा.” एका वाक्यात सारा खटला कोसळला, पण ते वाक्य उच्चारणाऱ्याच्या मुद्रेवर विजयाचा लवलेशही नव्हता. तो गाडीच्या मागे गेला आणि किल्ली पुन्हा फिरवावयास सांगून सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहत राहिला. धूर मुळीच नव्हता. तेल आत जाऊन न पेटते तर थोडा पांढरट धूर आला असता. धूरच नाही, त्या अर्थी तेलच पोहोचत नाही. चार शक्यतांपैकी एक कानाने निवडली गेली आणि उरलेल्या तिहींपैकी कोणती आधी धरावयाची ते डोळ्याने ठरविले. पान्याला अद्याप हातही लागला नव्हता.

मग त्याने इंजिन बंद करण्याचा खटका अडकलेला नाही हे पाहिले, टाकीत काठी घालून तेल आहे हे पाहिले, आणि त्यानंतर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारू लागला. तेलाऐवजी फेस आला. “हवा धरली आहे,” तो म्हणाला. फेस जाऊन तेलाची अखंड धार लागेपर्यंत त्याने पंप मारला, स्क्रू आवळला, किल्ली फिरवावयास सांगितली, आणि इंजिन सुरू झाले. ड्रायव्हर हर्षभराने आपल्या जागेवर नीट सरसावून बसला. तोच मिस्त्रीने इंजिन बंद करावयास लावले. “हवा निघाली, हे ठीक. पण ती आली कुठून?”

मला त्या सकाळचा सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो तो हा. उपाय सापडला म्हणजे कारण सापडले असे नव्हे, हे त्या माणसाला ठाऊक होते. टाकीपासून पंपापर्यंतची नळी त्याने वीतवीत चाचपली आणि क्लिपखाली दडलेली रबरी नळीची एक बारीक चीर शोधून काढली. त्या जागी तेलाचा एक थेंबही सांडलेला नव्हता, म्हणून तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. पंपाच्या पुढील भागात तेल दाबाखाली असते. तेथे चीर पडली तर तेल बाहेर येते. पण टाकी आणि पंप यांच्यामधील भागात तेल ओढले जात असते. तेथील चिरेतून तेल बाहेर न येता हवा आत जाते, आणि रात्रभर गाडी उभी राहिली की नळीतले तेल गुपचूप टाकीत परत उतरते. कारण जेथे असते तेथे त्याची खूण असतेच असे नाही, आणि जेथे खूण ठळक असते तेथे कारण असतेच असेही नाही. केबिनमधला जळता दिवा सर्वांना दिसला होता. क्लिपखालची चीर कोणालाच दिसली नव्हती.

मालकाला दूरध्वनीवरून हे सांगण्यात आले तेव्हा त्याने जो प्रश्न केला, त्यासाठीच मी ही हकीकत येथे सांगितली. तो म्हणाला, “पण दिवा चालू ठेवलाच होता ना?” चूक ती चूक, पगार कापावयाचाच. मी फोन मागून घेतला आणि कायद्याचे चार शब्द ऐकविले, तेव्हा त्याने त्या दिवसापुरता हट्ट सोडला. मात्र त्याला माझे म्हणणे पटले, असे त्याच्या स्वरावरून वाटले नाही.

मालकाच्या प्रश्नात एक खरे विधान आहे. दिवा जळत होता, आणि ते निष्काळजीपणाचे होते. तरीही त्याच्यावरून काढलेला निष्कर्ष अन्याय्य आहे. आपल्या नैयायिकांनी कारणाचे लक्षण करताना या धोक्याचा फार बारकाईने विचार केला होता. कार्याच्या पूर्वी नियमाने असणे ही कारणाची एक अट. पण तेवढ्याने भागत नाही. ती वस्तू ‘अन्यथासिद्ध’ही नसावी, म्हणजे कार्याशी काही संबंध नसताना केवळ तेथे उपस्थित असलेली नसावी. घट होण्यापूर्वी कुंभाराचे गाढव माती वाहून आणते आणि कुंभाराचा बापही कधी काळी जन्मास आलेला असतो. म्हणून गाढव आणि बाप ही घटाची कारणे ठरत नाहीत. परीक्षा अन्वय-व्यतिरेकाची : ते असताना कार्य होते काय, आणि ते नसताना होत नाही काय? दिवा रात्री विझविला असता तरी सकाळी इंजिन मुकेच राहिले असते. तेव्हा तो दिवा त्या कुंभाराच्या गाढवाच्या पंगतीचा. मुलाचा दोष खरा होता. पण तो या बिघाडाचा अपराधी नव्हता.

न्यायालयात हा घोटाळा नित्य पाहावयास मिळतो. ज्याच्या हातून पूर्वी काही वावगे घडले आहे, ज्याची वागणूक फारशी स्वच्छ नाही, त्याच्यावर कोणतेही कृत्य सहज चिकटते. त्याचे अवगुण सिद्ध करण्यात तास खर्ची पडतात, आणि ते सिद्ध झाले की मूळ प्रश्नच सिद्ध झाला असे सर्वांस वाटू लागते. कायद्याला हा मोह ठाऊक आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने, कामगाराकडे सोपविलेल्या मालाचे नुकसान झाल्यास त्याच्या वेतनातून कपात करण्यास मुभा दिली, ती दोन अटींवर : नुकसान त्याच्या हयगयीचा प्रत्यक्ष परिणाम असले पाहिजे, आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. म्हणणे ऐकून मगच कपात, हे तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही राखले आहे. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका बसचालकाचा खटला आला होता. बसखाली सापडून एक बालक मृत्यू पावले होते. अपघात घडला यावरूनच चालकाचा निष्काळजीपणा गृहीत धरावा काय, हा प्रश्न होता. दिवाणी दाव्यांत ‘घटना स्वतःच बोलते’ हे सूत्र उपयोगी पडत असले तरी, फौजदारी खटल्यात त्याच्या आधारे अभियोग पक्षाचा पुराव्याचा भार हलका करता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. घटना कितीही दारुण असो, ती आपण होऊन अपराध्याचे नाव उच्चारीत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. मिस्त्रीचे काम सोपे आहे, असे कोणी म्हणेल. कारण त्याची परीक्षा इंजिन घेते. तर्क खरा असेल तर गाडी सुरू होते, खोटा असेल तर होत नाही. न्यायाधीशापुढे असे इंजिन नसते. निकाल चुकला तरी न्यायालयाचे दिवे मालवत नाहीत. निरपराध माणूस तुरुंगात जातो आणि दुसऱ्या दिवशीचे कामकाज वेळेवर सुरू होते. हा भेद मला मान्य आहे; मात्र त्यावरून निघणारा निष्कर्ष उलट दिशेचा आहे. ज्याची चूक लगेच उघडी पडते त्याने थोडी घाई केली तर चालेल. ज्याची चूक कधीच उघडी पडणार नाही त्याने सावध राहिले पाहिजे. संशयाचा फायदा आरोपीला द्यावा, हा नियम काहींना न्यायालयाची दुर्बलता वाटते. वस्तुतः आपल्या हाती इंजिन नाही याची ती जाणीव आहे.

शिवाय इंजिनाचा कौलही वाटतो तितका निःसंदिग्ध नसतो. अधीर मिस्त्री बॅटरी, फिल्टर आणि नोझल एकदमच बदलतो. गाडी सुरू होते, आणि तीनही वस्तूंचे पैसे मालकाकडून घेतले जातात. बिघाड कशाने गेला हे मात्र कोणासही कळत नाही. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडावी, तसा हा प्रकार. म्हणून जाणता मिस्त्री एका वेळी एकच वस्तू बदलतो. स्वस्त आणि निरुपद्रवी तपासणी आधी करतो, महाग आणि मोडतोड करणारी मागाहून. समाजाच्या व्यवहारात आपण नेमके याच्या विरुद्ध वागतो. एखादी दुर्घटना घडली की दहा जणांच्या बदल्या होतात, दोघे निलंबित होतात, एक नवा नियम येतो. आणि पुढे काही दिवस तसे घडले नाही म्हणजे यांपैकी प्रत्येक जण श्रेय घेतो. क्लिपखालची चीर तशीच राहते.

आता तर गाड्यांना बोलताही येते. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ चे प्रदूषणनियम लागू झाले आणि नव्या मालमोटारींच्या इंजिनाचा कारभार संगणकाकडे गेला. गाडी अडली तर संगणक एक सांकेतिक क्रमांक दाखवितो. अशा इंजिनात चालू असताना तेलाचा दाब हजार बारांहून अधिक असतो. जुन्या सवयीने नोझलची नळी सैल करणाऱ्याच्या हाताला गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे मिस्त्रीलाही त्या क्रमांकावर पुष्कळ विसंबावे लागते. पण तो क्रमांक म्हणजे निकाल नव्हे, ती साक्ष आहे. ‘तेलाचा दाब कमी आहे’ असे संगणक सांगतो, तेव्हा फिल्टर तुंबलेला असेल, पंप झिजला असेल, नळीत हवा शिरली असेल, किंवा दाब मोजणारे साधनच बिघडले असेल. साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याने जेवढे पाहिले तेवढेच तो सांगू शकतो. उलटतपासणीची गरज त्याच्या प्रामाणिकपणाने संपत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कारणे शोधीतच राहिलो तर शेवटी दोषी कोणीच उरणार नाही, सारा दोष रबरावर आणि थंडीवर जाईल, असे कोणी म्हणेल. तसे होऊ नये. कारण सापडल्यानंतर कर्तव्याचा प्रश्न उभा राहतो आणि तेथे माणूस पुन्हा येतो. नळी जुनी झाली होती. ती वेळेवर पाहण्याचे, बदलण्याचे काम कोणाचे होते? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मालमोटारीच्या अपघातासंबंधी हेच सांगितले. अपघात यंत्रातील बिघाडाने झाला असा बचाव घेणाऱ्या मालकाने, तो बिघाड गुप्त होता आणि वाजवी काळजी घेऊनही तो ध्यानात आला नसता, हे दाखविले पाहिजे. १९७९ च्या निर्णयाशेजारी हा निर्णय ठेवून पाहावा. एक सांगतो, घटनेवरूनच माणसाला अपराधी ठरवू नका. दुसरा सांगतो, यंत्राच्या आड माणसाला लपू देऊ नका. दोहोंत विरोध नाही. क्रम तेवढा आहे. आधी काय घडले, मग ते टाळण्याचे कर्तव्य कोणाचे होते, आणि त्यानंतर कोणी काय भरून द्यावे. या क्रमाने गेल्यास दोष नाहीसा होत नाही. तो पुष्कळदा जागा बदलतो. आणि बहुधा तो खालून वर जातो, क्लीनरकडून मालकाकडे.

वर तरी कोठवर जावयाचे? मालक म्हणेल, भाडे परवडत नाही; भाडे ठरविणारा म्हणेल, बाजार मंद आहे. कारणाला कारण, त्याला आणखी कारण, असे चालले की नैयायिक ज्याला ‘अनवस्था’ म्हणतात तो दोष उत्पन्न होतो. मिस्त्री जेथे त्याचा पाना पोहोचतो तेथे थांबतो. न्यायाने जेथे कर्तव्य संपते तेथे थांबावे. परंतु त्याच्या अलीकडेच थांबल्यास काय होते, हे गोमंतकीय वाचकाला निराळे सांगावयास नको. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम राज्य शासनाने थांबविले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या वाहतुकीसह ते बंद केले. डिचोली-सांगे भागातील मालमोटारी ओळीने उभ्या राहिल्या. त्यांच्या इंजिनात काहीही बिघाड नव्हता. कारण खाणपट्ट्यांच्या कायदेशीरपणात होते. २०१४ मध्ये बंदी उठली. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि काम पुन्हा थांबले. न्यायालयाचा निर्णय कायद्याला धरूनच होता. पण ज्याने कर्ज काढून एकच गाडी घेतली होती, त्याचा पट्ट्याच्या नूतनीकरणाशी काय संबंध? दोष वर होता आणि भार खाली पडला. उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते, टाकीत पाणी साचते. म्हणजे दुसऱ्याच्या बिघाडाने अडलेली गाडी काही काळाने खरोखरीच बिघडते. माणसांचेही असेच होते.

या साऱ्यातून जो नियम निघतो तो साधा आहे आणि पाळण्यास कठीण आहे. दोष देण्याची उतावीळ ही पुष्कळ वेळा न्यायाची तळमळ नसून अस्वस्थता संपविण्याची धडपड असते. गाडी का अडली हे न कळणे मनाला सहन होत नाही. कोणाचे तरी नाव घेतले की मन शांत होते, आणि गाडी तशीच उभी राहते. ते नावही बहुतेक त्याचे घेतले जाते जो सर्वांत जवळ उभा आहे आणि उलट बोलू शकत नाही. ‘मला अजून माहीत नाही’ हे वाक्य काही काळ धीराने बाळगणे, मिळालेल्या कबुलीलाही ‘हिचा या बिघाडाशी काय संबंध?’ असे विचारणे, आणि इंजिन सुरू झाल्यावरही ‘हवा आली कुठून?’ म्हणून थांबणे, एवढे ज्याला साधेल तो मिस्त्री असो, न्यायाधीश असो वा घरातील वडील माणूस असो, त्याच्या हातून निरपराध्याचा पगार सहसा कापला जाणार नाही.